विहिणीच्या गोळ्या

८ नोव्हेंबर

अल्लाला कधीकधी काही काम नसतं. मग तो माझ्याकडे बघतो.

सकाळी दवाखान्यातली आसिपा बर्फ तुडवत आली. आल्याआल्या चहा नको म्हणाली, तेव्हाच मी ओळखलं की बाई काहीतरी माझ्या गळ्यात मारायला आली आहे.

“शारिपाताई, नवीन पेशंट आहे. क्षय. सहा महिने रोज चार गोळ्या, समोर बसून गिळवायच्या. तुम्ही मागच्या वर्षी त्या गुराख्याला बरं केलंत. तुमच्यासारखं दुसरं आहे कोण?”

कोणी नाही, हे मलाही ठाऊक आहे. आमच्या कारा-तेरेकमध्ये स्वयंसेविका म्हणून चौघींनी नावं दिली होती. एक लेकाकडे बिश्केकला गेली, एक भिऊन घरी बसली, एक मेली. उरले मी. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म पोरांच्या घशाखाली लापशी उतरवण्यात गेला, त्यामुळे गिळवण्याच्या कामाची मला धास्ती नाही. तो गुराखी तर गोळ्यांची वेळ झाली की डोंगरात पळायचा. मी गाढवावर बसून त्याला गाठायचे.

“पण आहे कोण?” मी विचारलं.

आता आसिपाने स्वतःहून चहा मागितला. दोन घोट घेतले आणि म्हणाली, “रायकानबाई.”

रायकान म्हणजे माझी विहीण. माझ्या झिपारची सासू. विहिणीला कठोर शब्द बोलायचा नाही, तिच्या घरून उपाशी उठायचं नाही, ती देईल ते अंगावर घालूनच बाहेर पडायचं. या बाईसमोर रोज बसून मी म्हणणार, “गिळा!”

आणि झिपारला सहावा सरलाय. त्या घरात. आसिपा म्हणते, घरातल्या सगळ्यांचे फोटो काढले, छात्या स्वच्छ आहेत. फक्त जावई राहिला, तो अजून मॉस्कोत विटा वाहतोय. तो आला की त्याचंही बघू. आणि रायकानची थुंकी स्वच्छ आल्याशिवाय जन्मलेलं बाळ तिच्या हातात द्यायचं नाही, असं आसिपाने बजावलंय. हे रायकानला कोणी सांगायचं? अर्थात मी.

९ नोव्हेंबर

गेले. जमिनीवर दस्तरखान अंथरलेला, त्या कापडावर जागा नव्हती इतकं मांडून ठेवलेलं. पिठाचे बोर्सोक तळलेले, साईचं कायमाक, जर्दाळूचा मुरंबा, वर घोड्याच्या मांसाचे काप. मी म्हटलं, “विहीणबाई, मी पाहुणी म्हणून नाही आले, गोळ्या द्यायला आलेय.”

“विहीण दारात आली आणि तिला कोरडीच वाटेला लावू? मेले तरी नाही करणार.”

“या गोळ्या नाही खाल्ल्यात तर मराल, त्याचसाठी आलेय.”

हसली. ही हसते तेव्हा सोन्याचा दात चमकतो आणि आपण हरलो असं वाटतं. दोन तास खाल्लं. मग गोळ्या. मग निघताना माझ्या डोक्यावर नवा रुमाल बांधला, फुलाफुलांचा. मी गोळ्या खायला घालायला गेले आणि भरल्या पोटी रुमाल घेऊन आले. गुराखी बरा होता. त्याने मला फक्त शिव्या दिल्या.

१२ नोव्हेंबर

आजपर्यंत चार दिवस, चार रुमाल.

आज नियमाप्रमाणे म्हटलं, “गिळल्यावर जरा तोंड उघडून दाखवा.” आसिपाने शिकवलंय तसं. जीभ वर, जीभ खाली.

रायकानने पेला खाली ठेवला. “शारिपाबाई, मी काय बाजारात उभी केलेली घोडी आहे? दात मोजून घेणार आहात? लेक देताना मोजायचे होते.”

मला इतकी शरम वाटली की कानशिलं तापली. खरंच आहे, विहिणीच्या तोंडात वाकून बघणारी बाई आमच्या सात गावांत झाली नसेल. मग तिनेच तोड काढली. ती गोळ्या घेते, भिंतीकडे तोंड फिरवते, बाही तोंडाशी धरते, गिळते आणि परत फिरून पाणी पिते. किती अदबीने! आम्ही शाळेतल्या बायका, आम्हाला हे वळण नाही. मीही तेवढा वेळ खिडकीबाहेर बघते.

१७ नोव्हेंबर

झिपारला माझ्या घरी आणलं. रायकानशी वाजलंच. म्हणजे विहिणींचं वाजतं तसं, गोड बोलून.

“सून घेऊन चाललात? न्या, न्या. तुमचीच होती. आम्ही फक्त तिच्या बदल्यात देज मोजलं.”

“ती बाळंत झाली आणि तुमची थुंकी स्वच्छ आली की परत आणून सोडते. पाळण्यात बाळ घालायला तुमचाच पहिला हात.”

नातवाला पाळण्यात घालण्याचा मान हिला स्वर्गापेक्षा मोठा आहे. लग्न झाल्या दिवसापासून तेच. मी म्हटलं, “मग गोळ्या घ्या.” तिने भिंतीकडे तोंड केलं आणि घेतल्या.

आता माझं लेकरू सुरक्षित आहे. विहिणीला वाईट वाटो नाहीतर काही होवो.

२६ नोव्हेंबर

जावईबापू अवतरले. उलारबेक. मॉस्कोहून येताना सगळ्यांना काही ना काही आणलं, मला चॉकलेटचा डबा. डबा चांगला आहे, बटणं ठेवायला होईल.

राहतो आईकडे, जेवायला येतो बायकोकडे, म्हणजे माझ्याकडे. दाराजवळ बसतो, पाठमोरा. जावयाने सासूकडे मान वर करून बघू नये आणि सासूने जावयाला निरखू नये, हा वडीलधाऱ्यांनी घातलेला नियम फार सोयीचा आहे. निरखण्यासारखं त्यात काही नाहीच. वाळलाय. मॉस्कोत खाणं कुठलं, नुसत्या सिगारेटी. माझ्या शोर्पोचा वाडगा हातात घेऊन असा खोकतो की रस्सा हलतो.

आसिपाला म्हटलं, तो आलाय. ती म्हणाली, फोटो काढायला पाठवा. त्याला निरोप दिला. त्याने झिपारकरवी सांगितलं, मॉस्कोत कामाच्या कागदांसाठी काढलाय, चांगला आहे. संपलं. एकाच्या मागे लागून माझे पाय मोडतायत, दुसऱ्याच्या मागे कोण लागेल!

३ डिसेंबर

आज हसून हसून पोटात दुखलं आणि हसता येईना म्हणून जास्त दुखलं.

रायकानने दार लावून घेतलं, पडदा ओढला, माझा हात धरला आणि कुजबुजली, “माझं संपलं. आतून रक्त जातंय.”

“कुठून?”

तिने सांगितलं. लघवी नारंगी होते म्हणे. गाजराच्या रसासारखी. गेले तीन आठवडे ती एकटीच हे दुःख सोसतेय आणि मौलवींना विचारावं का या विचारात आहे.

मी म्हटलं, “अहो, त्या गोळ्यांचाच तो रंग! सगळ्यांनाच होतो. आमच्या गुराख्याने तर बर्फावर आपलं नाव लिहून ठेवलं होतं.”

आधी ती रागावली, मग दोघी तोंडात रुमाल कोंबून हसलो. पुसायला तिच्याकडे रुमालांची काय कमी! निघताना म्हणाली, “सगळ्यांनाच होतो? कोणीही घेतल्या तरी?” मी म्हटलं, कोणीही घेतल्या तरी. मग विचारात पडली. बाई भाबडी आहे हो, वरून दिसते तेवढी आगाऊ नाही.

११ डिसेंबर

गावात आमच्या प्रेमाचे दाखले द्यायला लागलेत. रायकानने सगळ्यांना सांगितलंय की जुना खोकला आहे, आणि मी रोज जाते ती मायेने. दुकानात एक सून सासूला म्हणाली, “बघा, विहिणी असाव्यात तर अशा.” मी मान खाली घालून साखर घेतली.

शेजारचा म्हातारा काल्मात मात्र सगळं ओळखून आहे. काल त्याने आपला कुत्रा आत बांधून घेतला. मी म्हटलं, “का हो, चावतो की काय?” तर म्हणे, “तो नाही चावत. पण कोणाच्या छातीत दुखायला लागलं की या गावात औषधाला कुत्र्याची चरबी काढतात, आणि कुत्रे कमी होतात.” मी त्याला म्हटलं, तुमच्या कुत्र्याला इतकी चरबी असती तर मी स्वतःच कापला असता.

२३ डिसेंबर

कुंपणामागच्या स्वच्छ बर्फावर कोणीतरी घाण करून ठेवतंय. रोज. नारंगी डाग, अगदी गाजरासारखे. काल्मातच्या कुत्र्याशिवाय कोण असणार? बांधून ठेवलाय म्हणतो, पण म्हाताऱ्याला स्वतःची विजार बांधता येत नाही, कुत्रा काय बांधणार. जाऊन चार शब्द ऐकवले. तो म्हणाला, “माझा कुत्रा कुंपणापेक्षा उंच उडवत नाही, शारिपा.” निर्लज्ज म्हातारा.

झिपारने आज परत विषय काढला. “आई, याला एकदा आसिपाताईंना दाखव ना. झोपेत घामाने भिजतो असं त्यानेच सांगितलं.”

मी म्हटलं, “दारू उतरताना सगळेच भिजतात.”

“पीत नाही तो.”

“तुझ्यासमोर नाही पीत.”

ती पलीकडे वळून झोपली. पोट एवढं झालंय तिचं. या दिवसांत पोरी हळव्या होतात.

१० जानेवारी

रायकानच्या थुंकीचा निकाल आला. जंतू आहेत तसेच आहेत.

आसिपाने मला दवाखान्यात सगळ्यांदेखत विचारलं, “ताई, तुमच्यासमोर गिळतात का त्या? तुम्ही बघता का?”

“बघते म्हणजे काय!” मी म्हणाले. खिडकीबाहेरचं पॉप्लरचं झाड मी दोन महिने अगदी बारकाईने बघितलंय, त्याची फांदीन् फांदी सांगेन.

आसिपाने नमुना शहरात पाठवलाय, जंतू मुजोर झाले का ते बघायला. झाले तर दोन वर्षांची गोष्ट, वेगळ्या गोळ्या, वेगळे हाल. आणि झिपारचे दिवस भरत आले. मान मान म्हणून मी ही अदब करत बसले आणि बाई बाहीत गोळ्या टाकतेय! दोन महिने! माझा रुमालांनी पेटारा भरला आणि तिची छाती जंतूंनी.

माझा राग आवरत नाहीये. पण विहिणीला बोलता येत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

११ जानेवारी

सुचलं! शारिपा, तुझ्या डोक्याला सोन्याने मढवायला हवं.

बोलता येत नाही, तोंडात बघता येत नाही. पण भरवता येतं की! सोयरीक जुळली तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींना मेंढीच्या शेपटीची चरबी आणि काळीज हाताने भरवलं होतं. विहिणीच्या हातचा घास नाकारला तर सोयरीक मोडली. तो तर तिच्याच आजीपणजीचा कायदा.

सकाळी चरबी उकडली, बोटभर तुकडे केले आणि प्रत्येकात एक गोळी खुपसली. तिच्या घरी जाऊन म्हटलं, “विहीणबाई, काल स्वप्नात तुमच्या सासूबाई आल्या. म्हणाल्या, तुम्ही दोघी एकमेकींना भरवत नाही.”

तिने माझ्या हाताकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. तिला कळलं. मी तिला कळू दिलं.

“आ करा,” मी म्हणाले.

आ केला. घास टाकला आणि माझा तळवा तिच्या ओठांवर धरून ठेवला, रीत आहे म्हणून. घसा हललेला दिसला. चारही. चौथ्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. गालांवरून हनुवटीवर, थांबेचना. मला वाटलं गरम लागलं.

“रडताय कशाला?” मी म्हटलं, “जिंकले मी, त्यात एवढं काय!”

ती म्हणाली, “दोन तरी ठेवायच्या होत्यास गं.” पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं तिने. मी मनावर घेतलं नाही. हरलेल्या माणसाला तेवढं माफ असतं.

२१ जानेवारी

रोज भरवते. ती रोज आ करते. आता हसत नाही, रुमालही देत नाही. शहराहून निरोप आला, जंतू मुजोर झालेले नाहीत, जुन्याच गोळ्या चालतील. आसिपाने मला मिठी मारली. मी म्हटलं, शाळेचा अनुभव आहे बाई.

आणखी एक विजय. कुंपणामागचा बर्फ आता पांढराशुभ्र असतो. काल्मातने कुत्रा आवरला शेवटी. मी त्याला वाडगाभर कुर्दाक, मांस-बटाटे परतून, नेऊन दिला. तो म्हणाला, कशाबद्दल? मी म्हटलं, तुमच्या कुत्र्याला अक्कल आली त्याबद्दल.

जावई फारच वाळला. झिपारला म्हटलं, तुझा नवरा तुझ्या काळजीने झुरतोय वाटतं. थट्टेने म्हटलं. ती हसली नाही.

६ फेब्रुवारी

मुलगा! पहाटे झाला, झिपार बरी आहे. नाक आमच्या घराण्याचं, ओरडणं त्यांचं.

जावई खिडकीबाहेर बर्फात उभा होता, आत ये म्हटलं तरी येईना. तोंडावर मफलर गुंडाळलेला. शेवटी मीच त्याला ओढून आत आणलं. म्हटलं, बाप आहेस, घे हातात. त्याने घेतला नाही. लांबून बघितलं आणि खोकत बाहेर पळाला. या आजकालच्या पुरुषांना बाळ धरायची भीती वाटते. आमचा म्हातारा पण असाच होता.

५ मार्च

आज काय लिहू! लिहिते. नाही लिहिलं तर आदळआपट करेन आणि बाळ उठेल.

रायकानची थुंकी स्वच्छ आली. दोनदा तपासली. मी दवाखान्यातून तिच्या घरापर्यंत जवळजवळ धावत गेले, या वयात. “विहीणबाई! रविवारी पाळणा! तुमच्या हाताने! आणि आजच चला माझ्याकडे, उलार जेवायला येईल, त्याच्याच मांडीवर बाळ ठेवून...”

“त्याच्या मांडीवर नको,” ती म्हणाली.

आनंदाने उठायचं, तर ही जागची हललीसुद्धा नाही.

“शारिपा, बाळ त्याच्याजवळ देऊ नकोस. त्याला माझंच दुखणं आहे. मॉस्कोहूनच घेऊन आला. रक्त पडतं त्याचं.”

मी म्हटलं, “मग दवाखान्यात का नाही गेला?”

“क्षयवाल्यांत नाव लागलं की मॉस्कोचे कागद मिळत नाहीत, आणि कागद नाहीत तर कर्ज कसं फेडणार? तो म्हणाला, आई, तुझ्यातल्या दोन दे, वसंतापर्यंत भागेल. मी दिल्या. दोन त्याला, दोन मला. तू भरवायला लागलीस तेव्हापासून त्याला काही मिळालं नाही.”

मी तिच्या दारातच बसले.

गाजराचे डाग! काल्मातच्या कुत्र्याला मी किती बोलले! दीड महिना माझ्या कुंपणामागे माझा जावई उभा राहत होता, आणि बर्फ पांढरा झाला म्हणून मी कुर्दाक वाटला. मी विहिणीला दाराबाहेर ठेवून दुखण्याला रोज पाटावर बसवून शोर्पो वाढत होते. लेकीला सुरक्षित आणलं! कुठे आणलं? झिपार सांगत होती, तीनदा सांगितलं पोरीने. मला दारू दिसली, आळस दिसला. माणूस दिसला नाही, कारण मला तो आवडत नव्हता. हेच खरं आहे, आणि ते इथे लिहिल्याशिवाय माझी सुटका नाही.

मग मी रायकानला बोलले. विहिणीला जे बोलू नये ते सगळं बोलले. शेजारची कोंबडी पण पळाली. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “तुझी लेक असती तर?”

मी जोडे घातले आणि घरी बाळाकडे धावले.

६ मार्च

झिपार, बाळ, मी, तिघांची तपासणी झाली. झिपार स्वच्छ, मी स्वच्छ. बाळाला आजार नाही, पण जवळून वावर झालाय म्हणून त्याला काही महिने औषध द्यायचं. महिन्याचा जीव, बोटभर छाती, आणि त्याला औषध. चमचा तोंडाशी नेला तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की आधी मीच चमचा खाली ठेवला. शाळेचा अनुभव उपयोगी पडला नाही.

आसिपाने सांगितलं ते आणखी जिव्हारी लागलं. अर्ध्या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. आणखी काही महिने अशी वाटणी चालली असती तर आई आणि मुलगा दोघंही हाती लागले नसते. म्हणजे माझ्या चरबीच्या घासांनी म्हातारी वाचली. पोराचं काय?

उलारला फाटकातच गाठलं. रीत गेली चुलीत, समोर उभी राहिले. आसिपाही होती. तो जमिनीकडे बघून म्हणाला, “मला काही झालेलं नाही. आईला भास होतात. तंबाखूचा खोकला आहे.”

आसिपा म्हणाली, “थुंकी दे, कळेल.”

“सोमवारी निघतोय मी. तालिपकाकांच्या मजूरटोळीबरोबर. तिकीट काढलंय.”

“मरशील रे,” आसिपा म्हणाली.

“कर्जात जगतोय, त्यापेक्षा बरं.” आणि गेला. पकडून ठेवायचा कायदा असेल तर तो या गावात तरी पोहोचलेला नाही. एका खोलीत टोळीतली आठ-दहा माणसं झोपतात मॉस्कोला. झिपारने दोन वेळा त्याच्या मागे निरोप पाठवला, तो आला नाही. ती बाळाला धरून बसली आहे.

८ मार्च, रविवार

पाळणा झाला. सगळं सांगते.

बायका घरभर. दस्तरखान या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बाहेर अंगणात पुरुष कढईभोवती, त्यांत उलार, लांब, लाकडं फोडत. उद्या सकाळची गाडी. मला घास उतरत नव्हता. बायकांच्या गप्पा मात्र जोरात, आणि सगळ्यांत जोरात सोनुनच्या, म्हणजे टोळीवाल्या तालिपच्या बायकोच्या. हिला एक गोष्ट सांगितली की ती नदीपलीकडच्या गावात चहा उकळायच्या आत पोहोचते.

रायकान आली. नवा मखमली कोट, सोन्याचा दात. पाळण्याशी बसली. मी बाळ तिच्या हातात दिलं. तिने त्याला कधीच हात लावला नव्हता. नाकाला नाक लावलं, वास घेतला, मग आत ठेवलं, पट्ट्या बांधल्या. बायका रडल्या, आशीर्वाद दिले, तोंडावरून हात फिरवले. मला वाटलं झालं.

तर ती उठली नाही. पाळण्याच्या दांडीला धरून म्हणाली, “बायांनो, एक ऐका. मला जुना खोकला नव्हता. क्षय होता.”

सोनुनने चमचा खाली ठेवला आणि कान टवकारले.

“शारिपा रोज येत होती ती मायेने नाही, गोळ्या गिळवायला. आता मी स्वच्छ आहे, नाहीतर याला हात लावला नसता. आणि माझ्या उलारला तेच आहे.” हे सगळं ती सोनुनकडे बघून बोलत होती. फक्त सोनुनकडे. “रक्त पडतं त्याला. औषध घेत नाही. उद्या तुझ्या नवऱ्याच्या टोळीबरोबर निघालाय. त्यांच्याच खोलीत झोपेल. तुझा मोठा मुलगाही त्याच खोलीत असतो ना गं?”

सोनुन उठली. जोडे उलटसुलट घातले आणि अंगणात गेली. आम्हाला खिडकीतून दिसत होतं. ती तालिपच्या कानाशी लागली. तालिपने लाकडं फोडणाऱ्या उलारकडे बघितलं. मग जाऊन त्याच्याशी काहीतरी बोलला, लांब उभं राहून. उलारने कुऱ्हाड खाली ठेवली. खिडकीकडे बघितलं, आईकडे. मी त्या पोराचं तोंड आज पहिल्यांदा सरळ बघितलं. काय वाळलंय! चोवीस वर्षांचं पोर आहे ते.

तो फाटक आपटून गेला. रायकान हलली नाही. तिच्या शेजारची जागा रिकामी झाली होती, दोघीतिघी सरकून बसल्या होत्या. मग खाली बसलेली एक आजी म्हणाली, “माझ्या नवऱ्याला होता. सांगितला नव्हता कोणाला. इकडे तो मुरंबा सरकव.” आणि एकेक करून बायका परत खायला लागल्या. मी उठून त्या रिकाम्या जागेत बसले. रायकानचा हात बर्फासारखा गार होता.

९ मार्च

सकाळची गाडी त्याच्याशिवाय गेली. तालिपने नेलं नाही. दुसऱ्या कोणी नेलं नाही. दुपारी काल्मात सांगत आला की उलार दवाखान्याच्या पायरीवर बसलाय, आत जात नाही आणि उठतही नाही. आसिपाने त्याला हाक मारली नाही, नुसतं दार उघडं ठेवलं. संध्याकाळी आत गेला.

३० मार्च

उलारच्या थुंकीत जंतू होते, भरपूर. पण मुजोर नाहीत, साध्या गोळ्यांना ऐकतील, अल्लाची कृपा. आसिपाने विचारलं, याच्याकडे कोण जाणार? मी म्हटलं, मीच. सासू जावयाच्या तोंडात वाकून बघतेय असं गावाने कधी बघितलं नसेल, आता बघू दे.

आईशी एक शब्द बोलत नाही. एकाच घरात, दोन खोल्यांत. ती जेवण दाराशी ठेवते, तो घेतो, ताटली परत ठेवतो. माझ्याशीही हो-नाहीपलीकडे नाही. आज त्याच्या गोळ्या गिळून झाल्यावर मी रायकानकडे स्वयंपाकघरात गेले. ती भांडी घासत होती.

मी म्हटलं, “अजून बोलत नाही का गं?”

“नाही.”

“बोलेल.”

“नाही बोलला तरी चालेल,” ती म्हणाली. तिने हात पुसले, चहा ओतला, माझ्यासमोर बोर्सोक ठेवले. “मॉस्कोला असता तर रोज फोनवर गोड बोलला असता, आणि एक दिवस फोन आला नसता. आता बघ, भिंतीपलीकडे बसून माझ्याशी बोलत नाहीये. ऐकू येतंय मला.”

पलीकडे तो खोकला. मग परत शांत झालं. आम्ही दोघी चहा प्यायलो.